नसलेला प्रोसेसर किती द्यावा?

संगणकाच्या आत आणखी एक संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवीन मशीन तयार करताना ‘प्रोसेसर’ नावाच्या टॅबवर एक स्लायडर येतो. त्याच्याखाली एक पट्टी असते, थोडी हिरवी, पुढे लाल. खुंटी एकावरून दोनावर न्या, दोनावरून चारावर न्या. कसला आवाज होत नाही, कोणी पैसे मागत नाही. मिनिटाभरात त्या खिडकीत विंडोज किंवा लिनक्स सुरू होतं आणि आपल्याकडे चार प्रोसेसर आहेत अशा ठाम समजुतीने कामाला लागतं. टेबलाखालच्या डब्यातली चिप मात्र तीच, तेवढीच. मग दोनाचे चार केल्यावर नेमकं वाढलं काय?

याचं उत्तर डोळ्यांनी बघता येतं. लिनक्सच्या डेस्कटॉपवर व्हर्ट-मॅनेजरमधून एखादं मशीन सुरू करा, टर्मिनलमध्ये ‘टॉप’ चालवा आणि कॅपिटल एच दाबा. थ्रेडची यादी उघडते. त्यात ब्राउझरच्या, गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमच्या ओळींमध्येच ‘सीपीयू ०/केव्हीएम’, ‘सीपीयू १/केव्हीएम’ अशा ओळी दिसतील. आतल्या विंडोजला जो अख्खा प्रोसेसर वाटतो, तो बाहेरच्या लिनक्सच्या लेखी एक साधा थ्रेड आहे. इतर शेकडो थ्रेडसारखाच तोही रांगेत उभा असतो. स्लायडर चारावर नेला म्हणजे रांगेत उभी राहणारी चार डोकी झाली, एवढंच. मिळते ती पाळी.

पण पाळी आली की जे घडतं ते थक्क करणारं आहे. त्या थ्रेडला एखादा कोअर मिळाला की तो कोअर एका वेगळ्याच अवस्थेत शिरतो, आणि आतल्या विंडोजच्या सूचना थेट सिलिकॉनवर चालू लागतात. मध्ये बसून कोणी त्या वाचत नाही, तपासत नाही. चार गिगाहर्ट्झचा कोअर असेल तर चार गिगाहर्ट्झनेच. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाची नक्कल, असा आपला समज असतो. डिस्क आणि नेटवर्क कार्डाच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र नक्कल जवळजवळ नसतेच. पाहुणी, म्हणजे आतली, सिस्टीम खऱ्या चिपवर खरी धावत असते. जिथे ती मालकाच्या हद्दीत हात घालू पाहते तिथे कोअर टचकन थांबतो आणि ताबा हायपरव्हायजरकडे, म्हणजे हे मशीन चालवणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रॅमकडे, देतो. याला ‘एक्झिट’ म्हणतात. हायपरव्हायजर काय ते निस्तरतो आणि पाहुण्याला पुन्हा आत सोडतो. मध्ये आपण थांबलो होतो, याचा पाहुण्याला पत्ताही नसतो.

असं थांबवता यायला हवं, ही अट १९७४ सालीच लिहून ठेवलेली आहे. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी त्या वर्षी एक लेख प्रसिद्ध केला. यंत्राच्या नाजूक स्थितीला हात लावणारी प्रत्येक सूचना, अधिकार नसताना चालवली गेली, तर प्रोसेसरने ती अडवलीच पाहिजे, असा त्यांच्या निष्कर्षाचा गाभा. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर तोवर व्हर्च्युअल मशीन रुळलेली होती. १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात जाहीर झालं होतं. आपल्या डेस्कटॉपांच्या घराण्यातल्या, म्हणजे एक्स८६ जातीच्या चिपा मात्र या परीक्षेत सपशेल नापास होत्या.

त्यातली एकच सूचना बघू: पॉपएफ. ही सूचना प्रोसेसरच्या फ्लॅगांवर नवे आकडे चढवते. त्यातल्या एका बिटवर बाहेरच्या हाका, म्हणजे इंटरप्ट, ऐकायच्या की नाही हे ठरतं. पाहुण्या कर्नलला कमी अधिकाराच्या पायरीवर बसवलं आणि त्याने ‘आता हाका बंद’ म्हणून पॉपएफ चालवली, तर चिपने बोंब ठोकायला हवी, म्हणजे हायपरव्हायजर धावत येऊन पाहुण्यापुरत्या हाका बंद करील. चिप बोंब मारत नाही. ती तो बिट गपचूप आहे तसा ठेवते आणि पुढच्या सूचनेकडे वळते. कर्नल समजतो हाका बंद झाल्या. त्या चालूच असतात. पेंटियममध्ये अशा तऱ्हेच्या १७ सूचना निघाल्या.

१९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने यावर जो तोडगा काढला, त्यातली हिंमत आजही थक्क करते. प्रोसेसर अडवत नाही ना, मग आपणच पाहुण्या कर्नलचा यंत्रकोड धावता धावता वाचायचा, घातक सूचना दिसली की तिच्या जागी निरुपद्रवी तुकडा बसवायचा आणि तो बदललेला कोड चालवायचा. १९९९ मध्ये हे उत्पादन म्हणून विकायलाही आलं. चिप बनवणाऱ्यांनी दुरुस्ती केली ती त्यानंतर: इंटेलने नोव्हेंबर २००५ मध्ये, एएमडीने मे २००६ मध्ये. आणि मजा अशी की २००६ मध्येच व्हीएमवेअरच्या दोन अभियंत्यांनी मोजून दाखवलं, की ही नवी हार्डवेअरची सोय पुष्कळ कामांत त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या कसरतीपेक्षा हळू आहे! कारण प्रत्येक एक्झिट महाग होती, आणि मेमरीचे तक्ते बदलताना एक्झिटांचा पाऊस पडायचा. ते तक्ते सांभाळण्याचं काम एएमडीने २००७ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये चिपमध्येच घातलं, तेव्हा कुठे हार्डवेअरने बाजी मारली.

ही सगळी यंत्रणा एका बायोसच्या खटक्यामागे असते. इंटेलच्या बोर्डवर ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’, एएमडीच्या बोर्डवर ‘एसव्हीएम मोड’; हा दुसरा तर पुष्कळदा ओव्हरक्लॉकिंगच्या मेनूत दडवून ठेवलेला असतो, का ते बोर्डवाल्यांनाच ठाऊक. इंटेलच्या चिपमध्ये बायोस हा खटका लावून वर कुलूपही घालतो, आणि मशीन रीसेट होईपर्यंत ते कोणाला उघडता येत नाही. म्हणून विंडोजमधून कितीही खटपट केली तरी तो चालू होत नाही.

आता आकड्याकडे. समजा डब्यात रायझन ५ ५६०० आहे: सहा कोअर, बारा थ्रेड. पाहुण्याला किती द्यावेत? पहिला मोह बाराच्या बारा देण्याचा होतो. मशीन रिकामंच तर आहे! तसं केलं की पाहुणा वेगवान व्हायच्या ऐवजी अडखळायला लागतो आणि बाहेरचा माउसही झटके देतो. यामागे दोन कारणं आहेत, आणि दोन्ही पहिल्यांदा ऐकली की उलटी वाटतात.

पहिलं कारण साधं. पाहुण्याची डिस्क, नेटवर्क, स्क्रीन हे सगळं चालवणारे हात बाहेरचे आहेत. पाहुण्याने फाइल वाचायला मागितली की ते वाचन बाहेरच्या सिस्टीमचा एखादा थ्रेड करतो. सगळे कोअर पाहुण्यानेच अडवले, तर त्याची फाइल आणून देणाऱ्यालाच पाळी मिळत नाही. पाहुणा आपणच केलेल्या खोळंब्यात वाट बघत बसतो.

दुसरं कारण जास्त गमतीचं. कर्नलच्या आत दोन प्रोसेसरांनी एकच वस्तू एकाच वेळी हाताळू नये म्हणून स्पिनलॉक असतात. ज्याच्याकडे लॉक नाही तो प्रोसेसर झोपत नाही. ‘सुटलं का, सुटलं का’ असं विचारत जागच्या जागी फिरत राहतो. खऱ्या यंत्रावर हे शहाणपणाचंच आहे, कारण लॉक धरणारा मायक्रोसेकंदाच्या आतबाहेर मोकळा होतो. पण आपले प्रोसेसर थ्रेड आहेत. लॉक हातात असतानाच त्या थ्रेडची पाळी संपली आणि बाहेरच्या लिनक्सने त्याला बाजूला बसवला तर? चाळीतल्या सामाईक न्हाणीघरात कडी लावून आत गेलेला माणूस आतच झोपी जावा, आणि बाहेरचे बादल्या खाली न ठेवता दर क्षणाला दार वाजवत राहावेत, तसं होतं. बाहेरच्यांची धडपड खरी, घाम खरा, काम शून्य. तीन मिलिसेकंद तो थ्रेड बाजूला राहिला, तर चार गिगाहर्ट्झवर वाट बघणाऱ्या प्रत्येक प्रोसेसरची एक कोटी वीस लाख चक्रं दार वाजवण्यात जातात. आणि टास्क मॅनेजर दाखवणार: सीपीयू १०० टक्के, मशीन अगदी कामात.

यावर चिपवाल्यांनी शोधलेला उपाय मोठा हुशार आहे. स्पिनलॉकच्या फेऱ्यात ‘पॉज’ नावाची एक सूचना असते. चिप या पॉजवर नजर ठेवते. फार जवळजवळ, फार वेळा पॉज येऊ लागले की हा पठ्ठ्या दार वाजवतोय हे ओळखून ती एक्झिट करते, आणि हायपरव्हायजर ती पाळी दुसऱ्या कोणाला देऊ शकतो. आत कुठलं कुलूप आहे, कोणाचं आहे, चिपला काही ठाऊक नाही. ओळख पटते ती निव्वळ उतावीळपणावरून. तरी हा इलाज दुखणं झाल्यावरचा. मुळात गर्दी न करणं बरं. सहा कोअरच्या मशीनवर मी दोनापासून सुरुवात करायला सांगेन. पाहुणा खरंच दोन्ही सतत भरून वापरतोय असं दिसलं तर चार. चाराच्या पुढे जायला सबळ कारण हवं: मोठा प्रोग्रॅम कंपाइल करायचा असेल, व्हिडिओ रेंडर करायचा असेल. आणि मोजताना खरे कोअर मोजायचे, थ्रेड नाहीत. व्हर्च्युअलबॉक्सची माहितीपुस्तिकाही हेच सांगते. एका कोअरचे दोन थ्रेड एकाच यंत्रसामग्रीवर चरतात, त्यामुळे काम काही दुप्पट होत नाही.

किती हे ठरलं, आता कसला. क्यूईएमयू किंवा प्रॉक्समॉक्स वापरणाऱ्यांना प्रोसेसरचं ‘मॉडेल’ निवडायची एक यादी दिसते: केव्हीएम६४, स्कायलेक, एपिक, होस्ट. चिप तर एकच आहे, मग मॉडेल कसलं निवडायचं?

यामागे सीपीयूआयडी नावाची सूचना आहे. कुठलाही प्रोग्रॅम ती चालवून प्रोसेसरला विचारू शकतो, तू कोण, तुला काय काय येतं. इंटेलच्या चिपवर पाहुण्याने हा प्रश्न विचारला की दर वेळी, न चुकता, एक्झिट होते. म्हणजे प्रश्न चिपला, उत्तर हायपरव्हायजरचं. तो हवं ते सांगू शकतो. ‘केव्हीएम६४’ निवडलं म्हणजे त्याने सांगायचं, की मी एक जुनापुराणा ६४ बिटांचा प्रोसेसर आहे, मला फार काही येत नाही. असं खोटं कशाला बोलायचं? डेटा सेंटरमध्ये चालतं मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवावं लागतं. दुसरा सर्व्हर जुना असेल आणि पाहुण्याने आधीच नव्या सूचना वापरायला घेतल्या असतील तर तो जागीच कोसळेल. म्हणून सगळ्यांना जमेल तेवढंच कबूल करायचं.

डेस्कटॉपवर मशीन कुठे हलवायचंच नसतं. तिथे या नम्रतेची किंमत उगाच मोजावी लागते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची ९ वी आवृत्ती २००९ च्या सुमाराच्या प्रोसेसरांपासून पुढचे गुण मागते. केव्हीएम६४ लावलेल्या मशीनवर ती सुरू करा. ‘सीपीयूला एक्स८६-६४-व्ही२ येत नाही’ अशा अर्थाची एक ओळ छापून सिस्टीम सुरुवातीलाच मान टाकते. बाहेर कालपरवा घेतलेली चिप, आणि आत तिचीच ओळख वीस वर्षं जुनी! एन्क्रिप्ट केलेली डिस्क हळू चालते, तिथेही पुष्कळदा हेच निघतं: एईएसच्या सूचना चिपमध्ये आहेत, पाहुण्याला त्या सांगितलेल्याच नाहीत. तेव्हा घरच्या मशीनवर सरळ ‘होस्ट’ निवडावं. व्हर्ट-मॅनेजरच्या मागे असलेल्या लिबव्हर्टमध्ये त्याला ‘होस्ट-पासथ्रू’ म्हणतात.

याच सीपीयूआयडीमध्ये मला सगळ्यात आवडणारी एक जागा आहे. एक बिट आहे, तो खऱ्या चिपवर कायम शून्य असतो. हायपरव्हायजर तो एक करतो, म्हणजे ‘तू व्हर्च्युअल मशीनमध्ये आहेस’ हे पाहुण्याला स्वतःहून सांगून टाकतो. त्यापुढे बारा बाइटांची सहीसुद्धा असते. व्हर्च्युअलबॉक्स तिथे आपलं नाव तीन वेळा लिहितो, व्हीएमवेअर दोन वेळा. एवढी सोंगं वठवून शेवटी कबुली का? कारण पाहुण्याला खरं कळलं तर तो सांभाळून घेतो: स्पिनलॉकवर फार वेळ न फिरता पाळी सोडून देतो, घड्याळ यजमानाला विचारतो. व्हर्च्युअलबॉक्समधलं ‘पॅराव्हर्च्युअलायझेशन इंटरफेस’ हे अगम्य खातं याचसाठी आहे. ते ‘डिफॉल्ट’वर ठेवलं की पाहुणा विंडोज असेल तर व्हर्च्युअलबॉक्स मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचा वेश घेतो, लिनक्स असेल तर लिनक्समधल्याच केव्हीएम या हायपरव्हायजरचा. विंडोजला हायपर-व्हीशी मोकळेपणाने बोलायची सवय, म्हणून. तिथे हात लावू नये.

सॉकेट आणि कोअर यांची मांडणी हे प्रकरण कंटाळवाणं, पण चुकलं तर महागात पडणारं. पाहुण्याला चार प्रोसेसर दिले. ते चार सॉकेटांतले एकेक, की एका सॉकेटातले चार? लिनक्सला सहसा फरक पडत नाही. विंडोजला पडतो, कारण तिथे परवान्याची अट सॉकेटांवर आहे: विंडोज १० होम एकच सॉकेट वापरतं, प्रो दोन. चार सॉकेट दिलेत तर होममध्ये चारातला एकच प्रोसेसर चालेल, बाकी तीन नुसते लटकतील, आणि चूक झालीय हे कुठे लाल अक्षरात येणारही नाही. एक सॉकेट, चार कोअर असं लिहिलं की झालं.

विंडोज एक्सपीची तऱ्हा आणखी निराळी. मराठी छपाईच्या धंद्यात आजही एक्सपीचं मशीन जपून ठेवणारे आहेत, कारण युनिकोडच्या आधीच्या फॉण्टांत पेजमेकरवर जुळवलेल्या पुस्तकांच्या फायली त्यावरच धड उघडतात. असं मशीन व्हर्च्युअलमध्ये घालताना उदार होऊन चार प्रोसेसर देऊ नयेत. एक प्रोसेसर की अनेक, हे एक्सपी इन्स्टॉल होतानाच ठरवतं आणि त्याप्रमाणे वेगळा कर्नल बसवतं. मागाहून आकडा वाढवला तर त्याला तो सहसा दिसत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एकापेक्षा जास्त प्रोसेसरांसाठी आय/ओ एपिक नावाचा पर्याय चालू असावा लागतो, आणि तो इन्स्टॉल झाल्यावर बदलायचा नसतो. पेजमेकरला एक प्रोसेसर उदंड झाला.

विंडोजच्या डेस्कटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स चालवणाऱ्याला कधीकधी खिडकीच्या तळाशी, एरवी चिपचं चित्र असतं त्या जागी, एक हिरवं कासव दिसतं. ते कासव आलं की मशीन खरोखरच रेंगाळतं. त्याचा अर्थ विचित्र आहे: चिपची ती खास अवस्था आधीच दुसऱ्या कोणीतरी घेतलेली आहे. कोणी? खुद्द विंडोजनेच. ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा चालू असली किंवा विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २ बसवलेलं असलं की बूट होताना आधी हायपर-व्ही उठतो, आणि आपण ज्याला खरं विंडोज समजून वापरतो ते त्याच्या वर बसतं. नव्या विंडोज ११ वर, हार्डवेअर साथ देत असेल तर, ही सुरक्षा सुरुवातीपासून चालूच असते. म्हणजे आपण पाहुणा बोलवायला निघालेलो, आणि आपलं विंडोज आधीच हायपरव्हायजरच्या छपराखाली राहतंय! व्हर्च्युअलबॉक्सला मग चिपशी थेट न बोलता हायपर-व्हीच्या मध्यस्थीने काम करावं लागतं. मेमरी इंटिग्रिटी बंद करून कासव घालवता येतं. पण ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात तिथे वेगासाठी ते मी करणार नाही. त्यापेक्षा पाहुणाच हायपर-व्हीवर चालवावा.

राहिली एक नवी अडचण. २०२१ च्या शेवटी आलेल्या इंटेलच्या १२ व्या पिढीपासून पुष्कळ चिपांमध्ये एकाच चिपमध्ये दोन जातींचे कोअर असतात. आय९-१२९००के मध्ये आठ ताकदवान आणि आठ काटकसरी. बाहेरची सिस्टीम हे जाणते. पाहुण्याला सहसा सगळे प्रोसेसर सारखेच दिसतात, आणि त्याचा प्रोसेसर या घटकेला कुठल्या जातीच्या कोअरवर बसलाय हे त्याला कळत नाही. एखादी आकडेमोड एकदा झटकन होते, दुसऱ्यांदा रेंगाळते, आणि आत शोधून कारण सापडत नाही. लिनक्सवर यासाठी पिनिंग करता येतं: ‘व्हर्श व्हीसीपीयूपिन’ या आज्ञेने अमुक व्हर्च्युअल प्रोसेसर अमुकच कोअरवर बसेल असं बांधून टाकायचं. रायझन ९ ५९५०एक्ससारख्या चिपवरही याचा उपयोग होतो. तिथे सोळा कोअर दोन तुकड्यांत विभागलेले आहेत, प्रत्येक तुकड्याची ३२ एमबीची कॅश वेगळी, आणि पाहुण्याचे सगळे प्रोसेसर एकाच तुकड्यात ठेवले तर त्यांची आपापसातली देवाणघेवाण जवळच्या जवळ होते.

पिनिंगच्या फंदात पडायच्या आधी पाहुण्या लिनक्समध्येच ‘टॉप’ उघडून सीपीयूच्या ओळीच्या टोकाला ‘एसटी’ हा आकडा बघावा. आपल्याला धावायचं होतं पण बाहेर पाळी मिळाली नाही, अशा वेळेची ती टक्केवारी. केव्हीएमवर यजमानच ती पाहुण्याला कळवतो. काम चालू असताना तो शून्याच्या आसपास राहत असेल तर प्रोसेसर पुरेसे मोकळे आहेत, हळूपणाचं कारण डिस्कमध्ये किंवा मेमरीत शोधावं. दहा-वीसपर्यंत चढत असेल तर स्लायडर मागे घ्यावा.